आवाज ‘चढतो’ म्हणजे काय?
शब्द, आकाश आणि चेष्टा यांच्या संबंधाचा चिकित्सोपयोगी विचार

औंढा नागनाथाची कथा आपल्या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. नरसीचे संत नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनास उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठविले, ते मागील बाजूस जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. येथील नंदी देवासमोर नसून मागे आहे, त्याचे कारण भाविक हेच सांगतात. कथेची ऐतिहासिक चिकित्सा हा या लेखाचा विषय नव्हे. शरीरक्रियेच्या दृष्टीने मात्र तीत एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. ध्वनी कानी पडताच प्राणिमात्राची पहिली चेष्टा कोणती, तर त्या दिशेस वळणे. तान्हे मूलही आईच्या आवाजाकडे मान वळविते. लोकप्रतिभेने तोच धर्म दगडी देवळावर आरोपित केला.

ध्वनी, त्याचे स्थान आणि शरीराची हालचाल ही तीन सूत्रे माणसाच्या मनात एकमेकांत गुंफलेली असतात. आपण आवाज ‘चढला’ म्हणतो, सूर ‘खाली’ गेला म्हणतो. वास्तविक सुराला ना वर आहे ना खाली. मग ही भाषा कोठून आली, आणि रुग्ण ही भाषा वापरतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणावयाचे असते? हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. त्याचे उत्तर चुकल्याने निदान कसे चुकते, याचा एक अनुभव पुढे नमूद केला आहे.

संहितोक्त आधार

शब्द हा आकाशाचा गुण आणि श्रोत्र हे त्याचे इंद्रिय, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. आकाशाचे लक्षण अप्रतिघात, म्हणजे अडथळ्याचा अभाव, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. शारीरस्थानात आकाशात्मक भावांत शब्द आणि श्रोत्र यांच्यासोबत लाघव, सौक्ष्म्य व विवेक यांची गणना आहे; प्रेरणा आणि चेष्टा मात्र वायूच्या वाट्यास दिली आहेत. येथवर पाहिले तर ऐकणे एकीकडे आणि हालचाल दुसरीकडे असा विभाग दिसतो.

परंतु सूत्रस्थानातील वातकलाकलीय अध्याय पाहावा. तेथे वायूला लहानमोठ्या सर्व चेष्टांचा प्रवर्तक, वाणीचा प्रवर्तक, स्पर्श व शब्द यांची प्रकृती आणि श्रोत्र व स्पर्शन या दोन्ही इंद्रियांचे मूळ म्हटले आहे. म्हणजे शब्दाला अवकाश देते ते आकाश. पण त्याला चालविणारा, कानापर्यंत आणणारा आणि तो ऐकून अवयव हलविणारा वायू एकच. श्रवण आणि गती यांना एकाच प्रेरकाखाली आणणारा हा विचार सूक्ष्म आहे.

आधुनिक शारीरही येथे विसंगत नाही. अंतःकर्णात ध्वनी ग्रहण करणारी शंखाकृती नलिका आणि शरीराचा तोल व गती जाणणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकाच अस्थीच्या पोकळीत, एकाच द्रवाने जोडलेल्या आहेत. दोहोंच्या संवेदना आठव्या शीर्षनाडीनेच मस्तिष्काकडे जातात. कर्णनाद आणि भ्रम ही लक्षणे वारंवार जोडीने का येतात, याचा उलगडा यातून होतो.

‘उच्च’ आणि ‘नीच’: वैयाकरणांचा प्रश्न

स्वराला उंची असते ही कल्पना पाणिनीच्या काळीही रूढ होती. उदात्त व अनुदात्त यांची व्याख्या त्यांनी ‘उंच’ आणि ‘नीच’ या शब्दांनीच केली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील महाभाष्यकार पतंजलींनी त्यावर आक्षेप उपस्थित केला. उंच-नीच हे शब्द स्थिर अर्थाचे नाहीत. पाठ करणाऱ्या एकाच माणसाला कोणी म्हणतो ‘एवढा ओरडतोस कशाला’, तर कोणी म्हणतो ‘दातांतल्या दातांत काय पुटपुटतोस’, असा त्यांच्या शंकेचा आशय आहे. आवाजाचा मोठेपणा आणि सुराची उंची यांची लोकव्यवहारात होणारी गल्लत त्यांनी अचूक हेरली होती.

या चर्चेत येणारे वर्णन वैद्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. उच्च स्वराच्या वेळी गात्रे ताठ होतात, स्वर रूक्ष होतो, कंठविवर आकुंचित होते. नीच स्वराच्या वेळी गात्रे सैल पडतात, स्वर स्निग्ध होतो, कंठविवर विस्तारते. रूक्ष आणि स्निग्ध हे तर आपल्याच शास्त्रातील गुण! शेवटी निर्णय दिला आहे तो असा की उर, कंठ आणि शिर या स्थानांपैकी एकाच स्थानाच्या अपेक्षेने उच्च-नीच ठरवावे.

वेदपाठाची परंपरा याच मार्गाने गेली. पाणिनीय शिक्षेत अनुदात्ताचे स्थान हृदय, उदात्ताचे मस्तक आणि स्वरिताचे कर्णमूल सांगितले असून पाठकाचा हात त्या त्या स्थानाकडे जातो. शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेच्या पाठात हा हस्तस्वर आजही पाहावयास मिळतो. सूर कानाने शिकावयाचा, पण तो स्मरणात ठेवावयाचा हाताने, अशी ही योजना आहे.

देवगिरीचे शार्ङ्गदेव

मराठवाड्याच्या भूमीत या विषयाचा सर्वांत समर्थ ग्रंथ निर्माण झाला, याचा आपणांस रास्त अभिमान वाटावा. ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेव हे तेराव्या शतकात यादवराजा सिंघण याच्या आश्रयास देवगिरीस होते. त्यांचे पितामह काश्मीरातून दक्षिणेत आले. (चूर्ण, क्वाथ, स्नेह यांच्या कल्पनांसाठी आपण ज्यांची संहिता नित्य पाहतो ते शार्ङ्गधर निराळे.) ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिणारा हेमाद्री हाही त्याच शतकातील, त्याच यादव दरबारातील मंत्री.

संगीताच्या या ग्रंथाचा पहिलाच अध्याय उघडावा तर त्यात पिंडोत्पत्तिप्रकरण येते. गर्भाची मासानुमासिक वाढ, दोष, धातू आणि अवयव यांचे वर्णन तेथे आयुर्वेदाच्या धर्तीवर आहे. ग्रंथाचा सातवा व अखेरचा अध्याय नर्तनाचा. गर्भापासून आरंभ आणि नृत्यात समाप्ती, मध्ये नाद. नाद शरीरातून निघतो आणि शरीराच्या गतीतच विराम पावतो, ही दृष्टी ग्रंथाच्या मांडणीतच व्यक्त झाली आहे.

प्राण आणि अग्नी यांच्या संयोगाने नाद उत्पन्न होतो; तो हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार होतो; हृदयस्थ ऊर्ध्वनाडीस जोडलेल्या बावीस तिरकस नाड्यांवर वायूचा आघात होऊन उत्तरोत्तर उंच अशा बावीस श्रुती प्रकटतात, असे ते सांगतात. हृदयात अशा बावीस नाड्या शवच्छेदनात सापडत नाहीत, हे मान्य करावयास संकोच नको. परंतु खर्ज लावताना छातीवर हात ठेवावा. कंप स्पष्ट जाणवतो. तार स्वरात तो कंप छातीत ओसरतो आणि बहुतेकांचे स्वरयंत्र वर सरकते. त्या वर्णनामागे गायकाचा प्रत्यक्ष अनुभव आहे.

याच ग्रंथात आणखी एक चतुर गोष्ट आहे. श्रुती दाखविण्यासाठी बावीस तारांची वीणा सांगताना, एकाखाली एक तार घेत जावे तसा ध्वनी अधिकाधिक उंच होतो, असे म्हटले आहे. म्हणजे देहवीणेत वर जाणारा सूर काष्ठवीणेत खाली उतरतो! पेटीवर तोच सूर उजवीकडे सरकतो. तरीही तिन्ही ठिकाणी आपण ‘वरचा सूर’च म्हणतो. यावरून दिसते की सुराची उंची वाद्यावर किंवा हातात नसून देहाच्या जाणिवेत आहे.

अर्वाचीन प्रयोगांची साक्ष

गेल्या शतकात पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी हाच विषय प्रयोगास लावला. १९३० साली अमेरिकेत प्रॅट यांनी दाखविले की ध्वनी प्रत्यक्षात कोठूनही येवो, उंच सुराचा ध्वनी ऐकणाऱ्यास वरून आल्यासारखा वाटतो. २००६ साली रुस्कोनी व सहकाऱ्यांना असे आढळले की उंच सुराला वरच्या कळीने आणि नीच सुराला खालच्या कळीने उत्तर द्यावयाचे असेल तर माणूस लवकर उत्तर देतो. कळींची अदलाबदल केली की अडखळतो.

मग ही सवय केवळ भाषेची काय? फारसी भाषेत सुराला उंच-नीच म्हणत नाहीत. बारीक आणि जाड म्हणतात. बारीक या अर्थी त्यांचा शब्द आपल्या ‘नाजूक’चेच मूळ रूप होय. २०१३ साली डोल्शाईड व सहकाऱ्यांनी डच आणि फारसी भाषिकांना सूर ऐकवून तो गाऊन दाखविण्यास सांगितले. समोर पडद्यावर रेघा दाखविल्या. रेघेच्या उंचीने डच भाषिकांचा सूर ढळला, तर रेघेच्या जाडीने फारसी भाषिकांचा. डच मंडळींना काही काळ ‘बारीक-जाड’ ही परिभाषा वापरावयास लावली, तेव्हा तेही फारसी भाषिकांप्रमाणे वागू लागले. २०१४ साली त्याच गटातील संशोधकांनी चार महिन्यांच्या बालकांत सुराचा उंचीशी आणि जाडीशी असे दोन्ही संबंध आढळल्याचे प्रसिद्ध केले. तात्पर्य, बीज जन्मजात असते. कोणत्या अंगास अंकुर फुटावा हे मातृभाषा ठरविते.

बाह्य सृष्टीचाही यात वाटा आहे. पारिसे व सहकाऱ्यांनी २०१४ साली नैसर्गिक परिसरातील ध्वनींची नोंद करून दाखविले की उंच कंपनसंख्येचे ध्वनी खरोखरच अधिक प्रमाणात वरच्या दिशेने येतात, आणि बाह्यकर्णाची घडणही त्यास अनुरूप आहे.

मराठीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात दोन्ही परिभाषा नांदतात. सूर ‘चढा’ असतो आणि आवाज ‘बारीक’ही असतो. शारीरदृष्ट्या दोन्ही यथार्थ आहेत, कारण उंच सुरासाठी स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात.

रुग्णाची भाषा आणि वैद्याचा कान

आता अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एक वयस्क कीर्तनकार माझ्याकडे आले. ‘आवाज चढत नाही’ एवढीच तक्रार. मी तिचा अर्थ ‘आवाजात जोर नाही’ असा घेतला, वार्धक्य आणि धातुक्षय मानून बृंहण व स्वर्य चिकित्सा दिली आणि कीर्तने चालू ठेवण्यास अनुमोदन दिले. दोन महिन्यांत सुधारणा नाही. मग एकदा त्यांना समोर बसवून गावयास सांगितले. आवाज चांगला मोठा होता, फक्त मध्य सप्तकाच्या वर सूर जाताच फाटत होता. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठविले, तेव्हा स्वरतंतूंवर अतिवापराची सूज निघाली. मौन आणि विश्रांती हीच खरी चिकित्सा होती आणि मी नेमके उलट करीत होतो. पतंजलींनी दोन हजार वर्षांपूर्वी दाखविलेली गल्लत माझ्याच दालनात घडली होती.

तेव्हापासून पुढील शब्द रुग्णाच्या तोंडून आले की मी थांबून पुन्हा विचारतो.

१. ‘चढणे’: रागाने आवाज चढतो तो मोठेपणाने, गाताना चढतो तो सुराने. रुग्णास प्रत्यक्ष गाण्यास किंवा हाक मारण्यास सांगावे.

२. ‘बारीक’: ‘बारीक आवाज ऐकू येत नाही’ याचा अर्थ मंद आवाज ऐकू येत नाही असाही होतो आणि उंच सुराचा ऐकू येत नाही असाही. वार्धक्यजन्य बाधिर्यात प्रथम उंच सुराचे ध्वनी हरपतात. अशा रुग्णास मुलांचे बोलणे समजत नाही, ‘स’ आणि ‘श’ यांत घोटाळा होतो, मात्र ढोलाचा आवाज उत्तम ऐकू येतो.

३. ‘हळू’ आणि ‘जोरात’: हे शब्द आपल्या भाषेत ध्वनी व गती या दोहोंस लागतात. ‘हळू चाल’ आणि ‘हळू बोल’ यांतील हळू निराळे. वृद्ध रुग्ण ‘हळू बोला’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा सावकाश बोलणे हवे असते. नातेवाईक मात्र एकतर पुटपुटतात किंवा ओरडतात. समोर बसून, ओठ दिसतील असे, संथपणे बोलावे, हे नातेवाइकांस समजावून सांगणे हीसुद्धा चिकित्साच होय.

४. ‘कोठून ते कळत नाही’: डावी-उजवी बाजू आपण दोन्ही कानांवर ध्वनी पोहोचण्याच्या वेळेतील आणि तीव्रतेतील फरकावरून ओळखतो. वेळेतील हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. हाक ऐकू येते पण दिशा कळत नाही, अशी तक्रार असल्यास दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासावेत. एका कानाचे बाधिर्य असेच लपून राहते.

५. ‘कान वाजतात’: माधवनिदानात कर्णनादाचे ध्वनी भेरी, मृदंग व शंख यांसारखे, तर कर्णक्ष्वेडाचा वेणूसारखा सांगितला आहे. रुग्ण ‘घों घों’, ‘शीळ’, ‘रातकिडे’ अशा उपमा देतात. त्या जशाच्या तशा नोंदवाव्यात. नाद नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धडधड’ असा असेल तर रक्तदाब तपासून पुढील तपासणीस पाठवावे.

६. ‘फिरते’: घर फिरते, की स्वतः फिरल्यासारखे वाटते, की झोक जातो, की डोळ्यांपुढे अंधारी येते, या चार गोष्टी निराळ्या आहेत. एका शब्दात गुंडाळू नयेत.

मात्रा, ताल आणि पाऊल

आपल्या शास्त्रात ‘मात्रा’ हा शब्द औषधाच्या प्रमाणास, वर्णाच्या उच्चारकाळास आणि तालाच्या घटकासही लागतो. कर्णपूरणाचा काळ अष्टांगहृदयात मात्रांनीच सांगितला आहे. वेदना असल्यास ती सौम्य होईपर्यंत आणि वेदना नसल्यास शंभर मात्रा. आणि मात्रा म्हणजे काय? उजवा हात गुडघ्याभोवती एकदा फिरविण्यास किंवा डोळ्याची उघडझाप होण्यास लागणारा काळ. घड्याळ नव्हते तेव्हा काळ हालचालीने मोजला जात असे.

ताल आणि चेष्टा यांचा हा संबंध आपल्या परिसरात डोळ्यांदेखत घडतो. पूर्वी आपल्या औषधनिर्मितीत उखळात दोघे जण आळीपाळीने मुसळ घालीत. मुसळे एकमेकांवर आदळत नसत ती ‘हुं’काराच्या लयीमुळे. जात्यावरील ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यानेच ठरते. दिंडीतील पावली तर सर्वांनी पाहिलेली आहे. मध्ये वीणा, बाजूस मृदंग, समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा. टाळ पडला की पाऊल पडते, लय वाढली की पावलांच्या उड्या होतात. एरवी गुडघे दुखतात म्हणून दारातील पायरी टाळणारी मंडळी तेथे तासन्‌तास पावली खेळतात.

२००५ साली फिलिप्स-सिल्वर व ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बालकांवर केलेला प्रयोग येथे आठवतो. एकच निःसंदिग्ध नसलेली लय ऐकवीत काही बालकांना दर दुसऱ्या ठोक्यावर, काहींना दर तिसऱ्या ठोक्यावर हिंदोळले. नंतर प्रत्येक बालकाने आपण ज्या प्रकारे हिंदोळलो त्याच प्रकारची लय अधिक आवडीने ऐकली. लय कानात शिरण्यापूर्वी ती अंगात मुरते. मांडीवर नातवंड झुलविणाऱ्या आजीस हे ठाऊकच असते.

चिकित्सेत याचा सर्वांत स्पष्ट उपयोग कंपवातात आहे. असा रुग्ण उंबरठ्याशी किंवा अरुंद जागी एकाएकी खिळून राहतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मात्र ठरावीक लयीत ठोके ऐकविल्यास अनेकदा तोच पाऊल उचलतो. १९९६ साली थाउट व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांकडून तीन आठवडे तालावर चालण्याचा सराव करून घेतला असता चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी दोन्ही वाढल्याचे प्रसिद्ध केले. पक्षाघातानंतरच्या चालीसाठीही हा उपाय वापरला जातो. पद्धत सोपी आहे:

अ) रुग्णाची मिनिटास पडणारी स्वाभाविक पावले प्रथम मोजावीत.

आ) तेवढ्याच गतीचे टाळाचे किंवा टाळ्यांचे ठोके द्यावेत. रुग्ण वारकरी असेल तर ओळखीच्या नामगजराची चाल अधिक उपयोगी पडते.

इ) लय स्थिर झाल्यावर गती शेकडा पाच ते दहाच वाढवावी, अधिक नको.

ई) शेजारी एक माणूस सदैव असावा. पडण्याचा धोका असलेल्या रुग्णास एकट्याने सराव देऊ नये.

उ) ताल हा सहाय्यक उपाय आहे. रुग्णाचे चालू असलेले आधुनिक औषध परस्पर बंद करू नये. कवचबीजात नैसर्गिक लेव्होडोपा असल्याने दोन्ही औषधे एकत्र देताना त्यांच्या वैद्यकीय सल्लागारास कळवावे.

विलंब करू नये असे प्रसंग

औषधालयात बसणाऱ्या बंधूंना विशेष विनंती आहे. ‘कानाला दडा बसला, तेल द्या’ म्हणून येणाऱ्यांपैकी एखाद्यास एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत, ऐकू येईनासे झालेले असते. हे मळ किंवा सर्दी समजून तेलाची बाटली हाती देऊ नये. यातील काही रुग्णांचे श्रवण वाचू शकते, परंतु उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. कान वाहत असेल किंवा पडद्यास छिद्र असल्याची शंका असेल तर कर्णपूरण करू नये. भ्रमासोबत बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही असल्यास तो कर्णरोग न समजता तात्काळ रुग्णालयात न्यावे.

उपसंहार

सुराला उंची देतो तो आपला देह, तिला शब्द देते ती मातृभाषा आणि तिला गती देतो तो वायू. चरक, पतंजली आणि शार्ङ्गदेव यांनी आपापल्या मार्गाने हेच पाहिले. अर्वाचीन प्रयोगांनी त्यातील काही भाग पडताळून दाखविला, काही भाग बाजूस सारला. दोन्ही स्वीकारण्यात शास्त्राचा गौरवच आहे.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर पूर्ण ऐकणे हाही परीक्षेचाच भाग समजावा. रुग्ण ‘वर’, ‘खाली’, ‘बारीक’, ‘हळू’ म्हणेल तेव्हा तो हात कोठे नेतो, मान कोणत्या बाजूस वळवितो, याकडेही लक्ष असू द्यावे. पुष्कळदा शब्द संदिग्ध असतो, पण हात नेमकी जागा दाखवितो.

इत्यलम्.